अकरावी-बारावी आणि बीएस्सीच्या लेकरांना बायोटेकच्या कामाला तयार करायचं, तर प्रयोगशाळेत नेमकं काय शिकवावं?

मांजराकाठ (धागाकर्ती, लातूर)

नमस्कार मंडळी. शनिवारी तीन तासांचा कौशल्यवर्ग सुरू करायचा आहे. एकूण १२ शनिवार. अकरावी-बारावीची २४ आणि बीएस्सी बायोटेक प्रथम वर्षाची २४ लेकरं. हाताशी आहे ते असं: एक उभा ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारा), एक लॅमिनार (गाळलेल्या स्वच्छ हवेचं कपाट), एक इन्क्युबेटर, १ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू, पीएच मीटर, चार मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव मोजून टाकणारे) आणि जेलचा एक संच (डीएनएचे तुकडे विजेनं वेगळे करणारा). व्यवस्थापनाचा कल पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती वाढवणारं) घेण्याकडे आहे. माझं म्हणणं, हाताला वळण लागल्याशिवाय मशीनचा उपयोग नाही. पण ते पटवून द्यायला इथल्या जाणकारांचा आधार हवा.

लातुरात बारावीनंतर नीट सोडून दुसरं काही असतं, हे पालकांच्या गावीही नसतं. जीवशास्त्राची आवड असलेली शेकडो लेकरं दोनदा-तीनदा परीक्षा देऊन मग मिळेल त्या बीएस्सीला बसतात. त्यांना दोन वर्षं आधीच हे काम दिसायला हवं. मोघम नको, प्रमाणं आणि आकड्यांसकट लिहा.

शेंद्रा_क्यूसी

ताई, अगदी बरोबर. औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात नवीन आलेल्या पदवीधराला पहिलं वर्षभर पीसीआर कुणी करू देत नाही. त्याच्या वाट्याला येतं ते द्रावण करणं, मीडिया (सूक्ष्मजीव किंवा रोपं वाढवायचं खाद्य) ओतणं, पाण्याचे नमुने घेणं, वसाहती (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) मोजणं आणि लिहिणं. मुलाखतीतही इथेच गाडी अडते. पीसीआरच्या पायऱ्या पाठ असतात, पण '९५ टक्के अल्कोहोलपासून ७० टक्क्यांचं एक लिटर कर' म्हटलं की ७०० मिली अल्कोहोल आणि ३०० मिली पाणी असं उत्तर येतं. ते ६६.५ टक्के होतं. ७० भागिले ९५, म्हणजे ७३७ मिली घ्यायचं आणि पाण्यानं १००० पर्यंत न्यायचं.

पहिले दोन शनिवार फक्त पिपेटला द्या. १००० मायक्रोलिटरचा पिपेट, बीकरमध्ये खोलीच्या तापमानाला आलेलं डिस्टिल्ड पाणी, तराजूवर छोटी बाटली. प्रत्येकानं दहा वेळा १००० मायक्रोलिटर टाकून दर वेळचं वजन लिहायचं. ३० अंशाला त्याचं वजन ०.९९६ ग्रॅम यायला हवं. मे महिन्यात खोली ३८ अंशांवर गेली की ०.९९३ येईल, ती पोराची चूक धरू नका. सरासरी दोन टक्क्यांच्या आत आणि दहा रीडिंगमधला सगळ्यात मोठा-लहान फरक १० मिलिग्रॅमच्या आत आला की पास. पिपेट बनवणाऱ्यांना आयएसओ ८६५५ या आंतरराष्ट्रीय मानकात या मापाला ०.८ टक्के चूक चालते, म्हणजे दोन टक्के ही लेकरांना दिलेली सूटच आहे. तुमचा तराजू १ मिलिग्रॅमचा आहे, त्यामुळे या चाचणीत २० मायक्रोलिटरच्या पिपेटच्या वाटेला जाऊ नका. तिथे तराजूचीच चूक मोठी पडते. आणि रीडिंग घेताना पंखा बंद.

चुका ठरलेल्या असतात. द्रव ओढताना पिपेटचं बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबलं की वजन जास्त येतं. अंगठा झटकन सोडला की टिपमध्ये बुडबुडा येतो, वजन कमी येतं. टिप द्रवात खोल बुडवली की बाहेर चिकटलेला थेंब सोबत जातो. २ ते ३ मिलिमीटर पुरे. भरलेल्या टिपसकट पिपेट टेबलावर आडवा ठेवला, तर द्रव आत शिरून पिस्टन खराब होतो. आणि २०० चा पिपेट २५० पर्यंत फिरवायचा प्रयत्न केला, तर तो कायमचा बिघडतो.

रसायन_टेबल (नांदेड)

वरच्याला पुष्टी. तिसरा-चौथा शनिवार द्रावणांचा ठेवा आणि जेल बफरपासून (जेल चालवताना पीएच टिकवणाऱ्या द्रावणापासून) सुरुवात करा, कारण त्यात सगळे धडे येतात. ५० पट तीव्र टीएई बफर, एक लिटर: ट्रिस बेस २४२ ग्रॅम, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ५७.१ मिली, ०.५ मोलर ईडीटीए (पीएच ८) १०० मिली, बाकी पाणी. वापरताना ५०० मिली हवं असेल तर १० मिली स्टॉक आणि ४९० मिली पाणी.

खरी परीक्षा ईडीटीएची. डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेट १८६.१ ग्रॅम ८०० मिली पाण्यात टाकलं की ते ढवळून ढवळून विरघळत नाही. मग लेकरं पाणी वाढवतात, तापवतात, नाहीतर पावडर खराब म्हणून टाकून देतात. पीएच ८ च्या जवळ आल्याशिवाय ते विरघळतच नाही. ढवळत ठेवून सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या थोड्या-थोड्या टाकायच्या, लिटरला साधारण २० ग्रॅम लागतात. ढगाळ द्रावण डोळ्यादेखत नितळ होतं. हे एकदा स्वतःच्या हातानं केलं की पीएच कशासाठी जुळवायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. गोळ्या बोटांनी धरू नयेत, चष्मा आणि हातमोजे घालूनच हे काम.

पीएच मीटर रोज वापरण्याआधी ७ च्या बफरवर, मग ४ किंवा १० वर लावून घ्यायचं, ज्या बाजूला मोजायचंय त्या बाजूचं. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायची सवय बऱ्याच कॉलेजांत आहे. त्यानं आतले क्षार बाहेर झिरपतात आणि रीडिंग हळूहळू सरकत राहतं. तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवायचा. ट्रिसचा पीएच तापमानाप्रमाणे बदलतो: द्रावण गरम असताना ८ वर आणलं, तर थंड झाल्यावर ते वर जातं. म्हणून थंड होऊ द्या, मग जुळवा.

डोंगरपायथा (किनवट)

सर, मॅडम, एक अडचण. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे आणि वीज कधी जाईल नेम नाही. डिस्टिलेशनचा काच संच आहे, पण त्याला एवढं थंड पाणी लागतं की उन्हाळ्यात चालवायची लाज वाटते. अशा ठिकाणी हे सगळं कसं जमवायचं?

रसायन_टेबल

पाण्याचा हिशेब आपल्या भागात पहिल्यांदा करायचा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं लातूर आपल्याच मराठवाड्यातलं. कंडेन्सरचं पाणी मोरीत सोडू नका. २०० लिटरचा ड्रम, कूलरमध्ये असतो तसला छोटा पंप, आणि तेच पाणी फिरवत ठेवा. ड्रमचं पाणी कोमट झालं की संच थांबवायचा. सकाळी सहा ते नऊ चालवलात तर अडचण येत नाही. बॉयलरमध्ये थेट बोअरचं पाणी घातलं तर हीटरवर पांढरा थर बसतो आणि एक दिवस हीटर जळतो. आधी आरओतून काढा, तरीही थर आला तर सायट्रिक ॲसिडच्या गरम द्रावणानं सोडवा. ऑटोक्लेव्हमध्येही आरओचंच पाणी घाला.

विजेचं असं आहे. १२१ अंश आणि १५ पौंड दाबाला सलग १५ ते २० मिनिटं, हा नियम. दहाव्या मिनिटाला वीज गेली, दाब उतरला, तर मोजणी पुन्हा शून्यापासून. मीडिया मात्र दोनदा शिजतो, रंग गडद होतो, पीएच उतरतो. असली बाटली सरावाला वापरा, निकाल काढायच्या प्रयोगाला नको. छोट्या बॅचसाठी घरगुती कुकर उत्तम काम देतो, त्याचाही दाब १५ पौंडांच्या आसपासच असतो. आधी वाफ जोरात येऊ द्या म्हणजे आतली हवा निघून जाते, मग शिट्टीचं वजन ठेवा आणि पूर्ण दाब आल्यावर मंद आचेवर २० मिनिटं. हवा अडकली तर दाब दिसतो, तापमान गाठलं जात नाही. बाटल्या दोन-तृतीयांशच भरा, झाकणं सैल, आणि दाब आपोआप उतरेपर्यंत हात लावू नका. घाईनं उघडलं की मीडिया उसळतो आणि भाजतं.

फ्रीजरचं विसरू नका. उणे २० चा घ्याल तो बर्फ आपोआप वितळवणारा नको, त्यात तापमान सारखं वरखाली होतं आणि एन्झाइम मरतात. मोकळ्या जागेत मिठाच्या पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, वीज गेल्यावर त्याच तारून नेतात.

बियाणे_जालना

जालन्याचा विषय निघाल्याशिवाय हा धागा पूर्ण व्हायचा नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको उभी केली, १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि २००२ मध्ये देशात बीटी कापसाला (बोंडअळीला मारणारं प्रथिन बनवणाऱ्या) परवानगी मिळाल्यावर बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळांचं काम कितीतरी वाढलं. मराठवाड्यातल्या पोरांना बायोटेकचं सगळ्यात जवळचं दार हेच आहे, आणि त्यातलं बरंचसं काम अकरावीच्या लेकरालाही शिकता येतं.

सोयाबीनची उगवणशक्ती घ्या. ४०० दाणे, शंभर-शंभरच्या चार पुनरावृत्ती. ओल्या टॉवेल पेपरमध्ये गुंडाळून २५ अंशाला उभे ठेवायचे, पाचव्या आणि आठव्या दिवशी मोजायचं. सामान्य रोप, विकृत रोप, कडक दाणा, न उगवलेला ताजा दाणा आणि मेलेला, असे पाच ढीग. फक्त सामान्य रोपं उगवणीत धरायची. किमान मर्यादा ७० टक्के. इथे नेहमीची चूक म्हणजे कागद निथळेपर्यंत भिजवणं. सोयाबीनचं साल नाजूक, पाणी भस्सकन आत गेलं की दाणा फुटतो आणि चांगलं बियाणंही नापास ठरतं. कागद पिळून घ्या, बोटानं दाबल्यावर पाण्याची कडा दिसायला नको. गावाकडं पेरणीआधी गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून बघतात, त्याचीच ही नेटकी रीत. त्यामुळे लेकरांच्या घरी याची किंमत लगेच कळते.

मग बीटीची पट्टी. पानाचा छोटा तुकडा बफरमध्ये चुरडा, पट्टी बुडवा, पाच ते दहा मिनिटं थांबा. दोन रेषा म्हणजे बीटी प्रथिन आहे, एक नियंत्रण रेषा म्हणजे नाही. नियंत्रण रेषाच आली नाही, तर चाचणी बाद. 'बाद' आणि 'नाही' यातला फरक ज्याला कळतो तो प्रयोगशाळेत टिकतो.

बीएस्सीवाल्यांसाठी कापसाच्या पानातून डीएनए काढणं ठेवा. कापसात पॉलिफिनॉल आणि चिकट शर्करा भरपूर, त्यामुळे हे पीक शिकायला अवघड आणि म्हणूनच चांगलं. शेंड्याचं कोवळं पान १०० मिलिग्रॅम. बफरमध्ये सीटॅब (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ) २ टक्के, मीठ १.४ मोलर, ट्रिस १०० मिलिमोलर, ईडीटीए २० मिलिमोलर, पीव्हीपी (पॉलिफिनॉल पकडून ठेवणारं) १ ते २ टक्के, आणि ऐनवेळी घातलेलं ०.२ टक्के मर्कॅप्टोइथेनॉल. ६५ अंशाला ४५ मिनिटं ते तास. नंतर क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४:१, वरचा थर अलगद काढून त्यात दोन-तृतीयांश आयसोप्रोपेनॉल. शेवटी ७० टक्के अल्कोहोलनं धुणं. गोळी तपकिरी आली तर पान जून होतं किंवा पीव्हीपी कमी पडलं. पांढरी पण शेंबडासारखी आली तर शर्करा राहिली. क्लोरोफॉर्मचं काम फ्यूमहूडखालीच. ते नसेल तर हा प्रयोग करूच नका.

जिज्ञासू_बीड

बारावीचा विद्यार्थी आहे. कापसाचा डीएनए आम्हाला काहून नाही? आमच्या पुस्तकात बायोटेक्नॉलॉजीचा अख्खा धडा आहे.

शेंद्रा_क्यूसी

बाळा, क्लोरोफॉर्ममुळे. केळी किंवा कांद्यातून मीठ, भांड्यांचा साबण आणि थंडगार अल्कोहोल वापरून डीएनए काढ, तत्त्व तेच आहे. जेलही तुला चालवता येईल. ५० मिली बफरमध्ये ०.५ ग्रॅम अगारोज (जेल जमवणारी पावडर), पूर्ण नितळ होईपर्यंत उकळायचं, हाताला सोसेल इतकं निवल्यावर ओतायचं. दोन तारांमधलं अंतर मोजून सेंटीमीटरला ५ व्होल्ट, म्हणजे १५ सेंटीमीटरला ७५. व्होल्ट वाढवले की जेल तापतं आणि पट्टे हसरे वाकडे होतात. जेल पाण्यात केलं आणि डबीत बफर भरलं, ही हमखास होणारी चूक: पट्टे धड सरकत नाहीत. तारा उलट्या लागल्या तर नमुना मागच्या बाजूनं निघून जातो. डीएनए धन टोकाकडे, लाल तारेकडे धावतो.

ताई, अकरावीसाठी खाद्यरंग ग्लिसरीनमध्ये मिसळून वापरा, ते डोळ्यांनी दिसतात. इथिडियम ब्रोमाइड या वयात नकोच, त्यानं डीएनएत बदल होऊ शकतो. आणि खड्ड्यात नमुना भरायचा सराव अगारोजवर करू नका, महाग पडतं. साध्या अगारचं जेल पेट्रीप्लेटमध्ये ओतून कंगवा लावा. १० मायक्रोलिटर नमुन्याला सहा पटीचा रंग २ मायक्रोलिटर. प्रत्येकाचे वीस खड्डे भरून झाले की हात थरथरायचा थांबतो.

केळीबाग_अर्धापूर

अर्धापूर, वसमत, परभणी हा केळीचा पट्टा. ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली) रोपं इथला शेतकरी दरवर्षी विकत घेतो, तेव्हा या कामाची माणसं इथेच घडायला हवीत.

मीडिया मुराशिगे-स्कूगचा, १९६२ पासून हाच चालत आलाय. एका लिटरला तयार पावडर साधारण ४.४ ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, अगार ८ ग्रॅम. सरावाला किराण्याची साखर चालते. बीएपी (फुटवे आणणारं संप्रेरक) १०० मिलिग्रॅम आधी एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या काही थेंबांत विरघळवून मग १०० मिली करायचं. त्यातलं ४ मिली टाकलं की लिटरला ४ मिलिग्रॅम. पीएच ५.८, आणि तो अगार टाकायच्या आधी जुळवायचा. ५ च्या खाली गेला तर ऑटोक्लेव्हमध्ये आम्लानं अगार तुटतं आणि मीडिया जमत नाही. मग पोरं अगारला दोष देतात. वाढखोली २५ अंश, प्रकाश १६ तास.

लेकरांना बाटलीतली घाण वाचायला शिकवा, या धंद्यातलं हेच खरं कसब. कंदाच्या बुडाशी पांढरट दुधाळ वलय आलं, तर जिवाणू झाडाच्या आतलाच आहे, लॅमिनार कितीही पुसा, फरक पडणार नाही, मूळ झाड बदला. मीडियावर इकडेतिकडे बुरशीचे ठिपके आले तर हात, चिमटा किंवा लॅमिनार. काहीच न लावलेली बाटली गढूळ झाली तर ऑटोक्लेव्ह. म्हणून प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या रिकाम्याच पाच दिवस ठेवायच्या. पावसाळ्यात बुरशी वाढते, तेव्हा खोलीतलं येणंजाणं कमी करा. बुडखा काळा पडत असेल तर तो पॉलिफिनॉलचा परिणाम, लवकर नव्या मीडियावर हलवा आणि सुरुवातीचे दिवस अंधारात ठेवा.

मर्क्युरिक क्लोराइड अजून बऱ्याच ठिकाणी वापरतात. कनिष्ठ महाविद्यालयात ते कपाटातसुद्धा नको, सोडियम हायपोक्लोराइटवर भागवा. घाण जास्त जाईल, जाऊ द्या. आणि लॅमिनारमध्ये अल्कोहोलनं ओले हात घेऊन ज्योतीजवळ कुणी जाणार नाही, याकडे एक माणूस कायम.

मांजराकाठ

खूपच उपयोगी. काही शिक्षक ई. कोलायमध्ये चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घालायचा प्रयोग सुचवतात. परदेशी शाळांत सर्रास होतो म्हणे.

शेंद्रा_क्यूसी

होतो, पण आपल्याकडे १९८९ चे नियम लागू आहेत. जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांचं काम करायचं तर संस्थेची जैवसुरक्षा समिती हवी. विद्यापीठाच्या विभागात ती असेल तर त्यांच्याकडे, त्यांच्या देखरेखीखाली पोरांना न्या. स्वतःच्या वर्गात करू नका.

त्याऐवजी वसाहती मोजणं नीट शिकवा. ९ मिलीत १ मिली, असं सहा वेळा, दर वेळी नवी टिप. तीच टिप वापरली की मागचा माल पुढे जातो आणि आकडा फुगतो. ०.१ मिली पसरवायचं, ३० ते ३०० वसाहतींची प्लेट मोजायची. पाचव्या पायरीच्या (एक लाख पट पातळ केलेल्या) प्लेटवर १४२ आल्या तर मिलीला १४ कोटी २० लाख. मोजलेल्या प्लेट ऑटोक्लेव्ह करूनच टाकायच्या.

गोदाकाठ (परभणी)

एक सूचना मांडतो, जमली तर धागाकर्तीचं काम निम्मं होईल. बीएस्सीच्या पोरांना आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी मीडिया आणि बफर करायला लावा. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानंतर दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत तंत्रज्ञ घडवायला नॅशनल सायन्स फाउंडेशनचा एटीई कार्यक्रम आला. त्यातलं उचलण्यासारखं हेच की कामावरच्या माणसाला काय यावं लागतं ते आधी उद्योगाला विचारायचं आणि त्यावरून धडे ठरवायचे.

आपल्याकडे असं करा. ४०० मिली पोषक अगार म्हणजे लिटरला २८ ग्रॅमच्या हिशेबानं ११.२ ग्रॅम, त्यात २० मिलीच्या वीस प्लेट. प्रत्येक बॅचला नंबर, पावडरचा लॉट, वजन, पीएच, ऑटोक्लेव्ह सुरू-बंद वेळ, ओतणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची सही. दोन प्लेट ३७ अंशाला रात्रभर रिकाम्या ठेवून स्वच्छ निघाल्या तरच बाकीच्या पाठवायच्या. दुसऱ्या कॉलेजातली लेकरं आपल्या प्लेटवर अवलंबून आहेत म्हटल्यावर काळजी आपोआप येते. जर्नल पूर्ण करायला केलेल्या प्रयोगात ती येत नाही.

शेंद्रा_क्यूसी

गोदाकाठ सरांचं शंभर टक्के पटलं. लिहिण्याचे नियम त्यातच बसवा: निळ्या किंवा काळ्या पक्क्या शाईचं पेन, शिसपेन नाही, व्हाइटनर नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. तळहातावर किंवा चिठोऱ्यावर लिहून नंतर उतरवायचं नाही. २०२३ च्या अखेरीस शेड्यूल एम (औषध बनवण्याचे नियम) सुधारून आल्यापासून औषध कंपन्यांत नोंदींकडे आणखी बारकाईनं पाहतात. अशा वीस बॅचच्या नोंदी घेऊन आलेलं पोरगं मुलाखतीत वेगळं उठून दिसतं.

पालक_निलंगा

मुलगी बारावीला आहे. पुढचा रस्ता थोडक्यात सांगाल का?

गोदाकाठ

ताई, इंजिनीअरिंगकडून जायचं तर एमएचटी-सीईटी देऊन बीटेक बायोटेक्नॉलॉजी. शेतीकडून जायचं तर तुमच्या लातुरातच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, त्यालाही सीईटीच. बीएस्सी करून पुढे एमएस्सी करायचं असेल तर गॅट-बी आणि आयआयटी जॅम या दोन परीक्षांची माहिती आतापासून काढा. बीएस्सी बायोटेक घेतलं तर सूक्ष्मजीवशास्त्राचे पेपर सोडू देऊ नका, गुणवत्ता विभागाच्या जाहिरातींत तो विषय वारंवार मागतात. पहिली नोकरी बहुधा पाळीची असते, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्रा औद्योगिक वसाहतींकडे राहायची सोय आधी बघावी लागेल.

डोंगरपायथा

नांदेडहून किनवटला प्लेट आणायच्या म्हटलं तर वाटेत झाकणाला पाणी धरतं, वसाहती एकमेकांत मिसळतात. उपाय आहे का?

रसायन_टेबल

प्लेट पाठवूच नका. १०० मिलीच्या बाटलीत निर्जंतुक अगार घट्ट जमवून पाठवू, बॅच नंबर आणि तारीख चिकटवून. तुमच्याकडे झाकण सैल करून उकळत्या पाण्यात बाटली ठेवा, एकही गाठ राहता कामा नये. ४५ ते ५० अंशांवर, म्हणजे बाटली गालाला लावता येईल इतकी निवली की ज्योतीजवळ पाच प्लेट ओता, रात्रभर उलट्या ठेवून वाळू द्या. वितळवायचं एकदाच. उरलेलं पुन्हा जमवून पुढच्या शनिवारी वितळवलं तर ते मऊ पडतं आणि जिवाणूंच्या रेघा ओढताना सुई रुतते.